बेचाळीस दिवसांची शिदोरी

काशीला आलेला मराठी माणूस दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, गंगाजलाची लोटी बांधून घेतो आणि परतीची गाडी धरतो. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी घाटापर्यंत तो सहसा येत नाही. वास्तविक या बाजूला त्याला परके वाटण्याचे काहीच कारण नाही. जवळच नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, ग्वाल्हेरकरांचा आहे, अमृतराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेला गणेश घाट आहे. आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बोळांतून हिंडताना एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकातून मराठी शब्द अचानक कानावर पडतो. बालाजी घाटाला तर आणखी एक मान आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ तरुणपणी याच घाटावरील बालाजीच्या देवळात बसून सनईचा रियाझ करीत. २००१ साली ज्या सनईला भारतरत्नाचा सन्मान लाभला, तिचे सूर प्रथम पक्के झाले ते या पायऱ्यांच्या माथ्यावर.

सरकारी नोकरीतल्या बदल्यांनी मला दोन वर्षांसाठी काशीत आणले आणि एका मराठी कुटुंबाने मला या घाटावरच्या बोळात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड दिले. आज मी जे सांगणार आहे ते त्या घरातल्या एका परीक्षेविषयी आहे. परीक्षा पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रवेशाची होती. तिला सगळे ‘गेट’ म्हणतात. परीक्षा देणारी होती घरमालकीणबाईंची नात. आणि तिच्या हाती दिवस होते बेचाळीस.

एका डिसेंबरातली संध्याकाळ. आजी जिना चढून वर आल्या. त्यांची मराठी पाच-सहा पिढ्यांच्या काशीवासाने गंगेच्या पाण्यासारखी झालेली. तिच्यात कुठले कुठले प्रवाह मिसळलेले. त्या म्हणाल्या, “साहेब, पोरीचा इम्तिहान आहे फेब्रुवारीत. म्हणते, यंदा नाही तर पुन्हा नाही. तुम्ही एम.ए. झालेले, सरकारी परीक्षा दिलेले. जरा बघा ना तिच्याकडे.”

मी एम.ए. झालो तो इतिहास घेऊन. स्थापत्य अभियांत्रिकीतले मला ओ की ठो कळत नाही. तसे मी सांगितलेही. पण आजींच्या मते शिकलेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस. त्यात पोटभेद नसतात.

मुलगी खाली चौकात उभी होती. वर्षापूर्वी पदवी घेतली होती. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. म्हणून पदवी हाती पडताच एका कंत्राटदाराच्या कचेरीत लागली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नोकरी. पुढच्या जूनपासून धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च सुरू होणार. तेव्हा नोकरी सोडण्याची भाषा घरात काढता येणार नाही, हे तिला ठाऊक होते. मात्र एक वाट होती. या परीक्षेत उत्तीर्ण होऊन पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळवणाऱ्यास सरकारकडून दरमहा विद्यावेतन मिळते. गेली काही वर्षे ते १२,४०० रुपये आहे. तिचा पगार याहून फारसा जास्त नव्हता. म्हणजे प्रवेश मिळाला तर घराचे फार न बिघडता तिला शिकता येणार होते. न मिळाला तर कंत्राटदाराची हजेरीवही आयुष्यभर तिची वाट पाहत होती. दरवाजा एकच, आणि तो उघडा राहण्याचा काळ थोडा.

परीक्षेच्या नावातच दरवाजा आहे, हे मला तेव्हा एकदम जाणवले आणि ह्युएनत्संगाची आठवण झाली. सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या या चिनी यात्रेकरूने लिहून ठेवले आहे की, नालंदेच्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून परमुलखातून येणाऱ्यांना दाराशीच बसलेला द्वारपाल अवघड प्रश्न विचारी, आणि दहांतले सात-आठ जण तेथूनच परत जात. दाराशी बसलेला तो पंडित जवळजवळ चौदाशे वर्षांत कोठे गेलेला नाही. आता तो संगणकाच्या पडद्यामागे बसतो, तीन तासांत पासष्ट प्रश्न विचारतो आणि शंभरांतले गुण देतो, एवढाच फरक.

पहिल्या रात्री तिने मला आपली तयारी दाखवली. चार वर्षांची पुस्तके, जाडजूड टिपणवह्या, लाल-हिरव्या शाईने ओढलेल्या रेघा. एक वेळापत्रकही होते, उत्तम आखलेले. रोज एक विषय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ते वेळापत्रक पाहून मला माझीच विशीतली मूर्ती दिसली. मीही माझ्या पहिल्या स्पर्धापरीक्षेला असाच बसलो होतो. टिपणे मी इतक्या वेळा वाचली होती की कोणते वाक्य डाव्या पानावर आणि कोणते उजव्या, हेही मला सांगता आले असते. परीक्षेच्या दालनात मात्र पाने डोळ्यांपुढे आली, वाक्ये आली नाहीत. मी अनुत्तीर्ण झालो, आणि पुढे कित्येक महिने नशिबाला बोल लावीत बसलो. नशिबाचा त्यात काहीही दोष नव्हता. मी वाचले होते. स्वतःला कधी विचारले मात्र नव्हते.

म्हणून मी तिला म्हणालो, “बाळ, हे वेळापत्रक दोन दिवस बाजूला ठेव. येत्या रविवारी परीक्षेलाच बस.”

ती चमकली. “काका, पण अजून अभ्यास कुठे झालाय?”

“झालेला नाही म्हणूनच.”

या परीक्षेच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सर्वांना उपलब्ध असतात. रविवारी सकाळी तिने एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवली. मी समोर बसून होतो. माझे काम घाटावरच्या पोलिसाचे, म्हणजे काही न करता हजर असण्याचे. तीन तासांनी गुण मोजले. शंभरांत एकोणतीस. तिचे डोळे भरून आले. मला मात्र हायसे वाटले, कारण आता आमच्यापाशी एक खरा आकडा होता. सरकारी कामात मी एक गोष्ट शिकलो आहे: दुष्काळी गावाचा खरा आकडा कितीही वाईट असला, तरी तो खोट्या चांगल्या आकड्यापेक्षा अधिक लोकांना जगवतो.

मग आम्ही गेलेल्या एकाहत्तर गुणांची शवचिकित्सा केली. प्रत्येक चुकलेल्या वा सुटलेल्या प्रश्नापुढे तिने तीनांपैकी एक खूण करायची. ‘कधी शिकलेच नाही’ ही एक. ‘शिकले होते, विसरले’ ही दुसरी. ‘येत होते, पण घाई केली’ ही तिसरी. बेरीज केली तेव्हा पहिल्या ढिगात चौतीस गुण निघाले, दुसऱ्यात बावीस आणि तिसऱ्यात पंधरा. या तिसऱ्या ढिगाने ती सर्वांत अधिक अस्वस्थ झाली. मिलिमीटरचे मीटर करायचे राहिले, वजाचे चिन्ह पुढच्या ओळीत उतरलेच नाही, प्रश्नात ‘कोणते विधान चूक आहे’ असे विचारले असता बरोबर विधान निवडले. पंधरा गुण असे वाऱ्यावर गेले होते. ते परत आणायला एकही नवे पुस्तक लागणार नव्हते.

त्यानंतर वेळेचे अंदाजपत्रक. यात मात्र माझा हात धरणारा त्या घाटावर कोणी नव्हता. बेचाळीस दिवसांत रविवार सहा. आठवड्याच्या छत्तीस दिवसांत पहाटे दोन तास आणि रात्री एक, असे तीन तास धरले तर एकशे आठ. सहा रविवारी आठ-आठ तास धरून अठ्ठेचाळीस. एकूण एकशे छप्पन. त्यांतून संक्रांत, पाहुणे, वडिलांचे दुखणे यांसाठी सोळा तास आधीच वजा केले. जे अंदाजपत्रक अडचणींसाठी तरतूद करीत नाही, त्याला अडचणी आपणहोऊन कात्री लावतात. राहिले एकशे चाळीस. त्यांत आणखी पाच पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायच्या, आणि प्रत्येकीला सोडवण्याचे तीन व तपासण्याचे तीन असे सहा तास द्यायचे. हे तीस तास गेले. उरले एकशे दहा.

चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एकशे दहा तास! आकडा कागदावर उतरला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे सगळे होणारच नाही.”

श्रोतेहो, थोड्या दिवसांत करावयाच्या अभ्यासाचा आरंभ या वाक्यापासून होतो असे मला वाटते. ‘सगळे होणार नाही’ हे जोवर माणूस मनाशी कबूल करीत नाही, तोवर तो पहिल्या प्रकरणावर अतोनात वेळ खर्च करतो आणि शेवटच्या चार प्रकरणांना स्पर्शही करीत नाही. त्याचे काहीतरी सुटतेच. पण काय सुटावे हे तो ठरवीत नाही, पुस्तकाची अनुक्रमणिका ठरवते.

जुन्या काळी शास्त्राध्ययनात ‘शलाका परीक्षा’ नावाचा एक प्रकार होता. पोथीच्या पानांत शलाका, म्हणजे सळई, खुपसायची आणि ती ज्या पानावर जाऊन थांबेल त्या पानाचा अर्थ विद्यार्थ्याने सांगायचा. तेथे एकही पान सोडून चालत नसे. न जाणो, सळई त्याच पानावर थांबायची! आजची परीक्षा ही देखील एक शलाकाच आहे, मात्र तिची टोके पासष्ट आहेत. त्यांतली काही आपल्या न वाचलेल्या पानांवर जाणार हे नक्की. परंतु सगळी तेथेच जाणार नाहीत. येथे शंभरांपैकी शंभर मागत नाहीत. इतरांहून थोडे पुढे असणे पुरते. म्हणून जुन्या विद्यार्थ्याला जे करता येत नसे ते आपल्याला करता येते. आपण विचारपूर्वक सोडू शकतो.

मग कोणती पाने ठेवायची? परीक्षेची रचना पाहिली तर असे दिसते की, शंभरांतले पंधरा गुण भाषा, तर्क आणि साधे अंकगणित यांना असतात, आणि तिच्या विषयात सुमारे तेरा गणिताला. म्हणजे अठ्ठावीस गुण असे आहेत की ज्यांचा मृदेशी, पाण्याशी, पोलादाशी संबंध नाही. आणि बहुतेक विद्यार्थी आपल्या विषयाच्या अभिमानापोटी नेमके यांकडेच शेवटी वळतात. आम्ही त्यांना तीस तास दिले. ‘शिकले होते, विसरले’ या ढिगाला सर्वांत मोठा वाटा, पंचेचाळीस तास. कारण पुरलेले धन उकरणे नवे कमावण्याहून स्वस्त पडते. ‘कधी शिकलेच नाही’ यातून दोनच आटोपशीर विषय उचलले, भूमापन आणि रस्ते-वाहतूक. त्यांना वीस तास. उरलेले पंधरा उजळणीला. पोलादी सांगाड्यांचा अभिकल्प आणि संरचनांच्या विश्लेषणातल्या काही लांबलचक रीती यांची नावे तिने एका स्वतंत्र कागदावर लिहिली, वर मथळा दिला ‘सोडलेले’, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. लिहिताना तिचा हात अडखळत होता. सोडणे हे धरण्यापेक्षा कठीण असते.

अभ्यास सुरू झाला. जानेवारीतली काशी म्हणजे धुक्याचे राज्य. पहाटे साडेचारला मी खिडकी उघडली की घाट दिसत नसे, गंगाही दिसत नसे. फक्त स्नानाला उतरणाऱ्यांचे ‘हर हर गंगे’ आणि कोठेतरी वल्ह्याचा आवाज. खाली चौकातल्या खोलीत दिवा लागलेला असे.

पहिल्या दहा दिवसांत तीही माझ्याच जुन्या वाटेने गेली. वही उघडायची, वाचायची, ‘हो, हे येते’ म्हणायचे आणि पान उलटायचे. मी दोनदा हटकले; पण सवयीपुढे उपदेश चालत नाही. शेवटी माझ्या मदतीला एक माकड धावून आले. काशीची माकडे प्रसिद्धच आहेत. एका रविवारी ती गच्चीवर उन्हाला बसली असता सूत्रांची सगळी पाने एका वानरश्रेष्ठाने उचलली, समोरच्या कौलांवर बसून एकेक पान नाकाशी नेऊन पाहिले आणि चव न आवडल्यामुळे फाडून खाली टाकले. पोरगी रडकुंडीला आली. आजी म्हणाल्या, “हनुमानजींनी वाचलंन, आता पास होशील.”

मी म्हणालो, “पुस्तक उघडू नकोस. जे फाडले ते आठवून पुन्हा लिही. अडेल तेथे जागा कोरी ठेव.”

ती चार तास लिहीत बसली. निम्म्याहून अधिक सूत्रे आली, काही अर्धवट आली, काहींची जागा कोरीच राहिली. मग पुस्तक काढून तिने कोऱ्या जागा भरल्या. तिसऱ्या दिवशी मी तीच सूत्रे विचारली तेव्हा ती धडाधड म्हणून गेली. आणि आपणहोऊन म्हणाली, “काका, कोऱ्या राहिलेल्या जागाच आता सगळ्यांत पक्क्या झाल्यात.”

माकडाने जे केले त्याला शास्त्राचा आधार आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, ते किती वेळात किती विसरले जातात याचे मोजमाप केले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. विस्मरणाचा वेग प्रथम फार असतो आणि मग मंदावतो, हे त्याने दाखवले. म्हणून उजळणी महिन्याच्या शेवटी एकदम करण्यापेक्षा त्याच रात्री, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, अशी अंतरे वाढवीत करणे शहाणपणाचे. पुढे २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मिटला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवणारे बरेच पुढे गेले होते. आणि गंमत अशी की, आपल्या लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता! माझ्या विशीतल्या अपयशाचे निदान मला असे उशिरा, पण बिनचूक मिळाले.

तसे पाहिले तर हे काशीला कोणी अमेरिकेहून सांगायला नको होते. बालाजी घाटापासून थोड्याच अंतरावर रामघाटी सांगवेद विद्यालय आहे. संथा म्हणजे काय, हे अशा पाठशाळेच्या बाहेर क्षणभर उभे राहिले तरी कळते. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने ते पुनःपुन्हा म्हणायचे. आणि पुढे तीच पदे क्रम, जटा, घन अशा रीतींनी उलटसुलट गुंफून म्हणायची. डोळे पोथीवर फिरवणे म्हणजे पाठांतर, असे या परंपरेने कधीच मानले नाही. स्मृतीला काम दिल्याशिवाय ती राबत नाही, हे तिला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट गुणांच्या हिशेबाची. या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडावयाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापले जातात. यामुळे ती इतकी धास्तावली होती की संशय आला की प्रश्न सोडून देई. आम्ही हिशेब मांडला. डोळे मिटून चारांतले एक उत्तर ठोकले, तर चार वेळांत एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा एकेक तृतीयांश जातो. म्हणजे सरासरी लाभ शून्य, तोटाही शून्य. पण चारांतला एक पर्याय जरी खात्रीने चूक ठरवता आला, तर उरलेल्या तीनांत निवड करणे लाभाचे होते. म्हणजे अडाण्याचा जुगार येथे फळत नाही, पण अर्धवट ज्ञानाचीही काही किंमत होते. शिवाय ज्या प्रश्नांत उत्तराचा आकडा स्वतः लिहायचा असतो, किंवा एकाहून अधिक पर्याय निवडायचे असतात, त्यांत चुकीबद्दल गुण कापतच नाहीत. ते कोरे ठेवणे म्हणजे ताटातले अन्न टाकणे. एवढ्या हिशेबाने तिची निम्मी भीती गेली. भीती पुष्कळदा अज्ञानाची नसते, नियम न वाचल्याची असते.

पासष्ट प्रश्न आणि एकशे ऐंशी मिनिटे. एका प्रश्नाला पावणेतीन मिनिटे. म्हणून तिने तीन फेऱ्यांची शिस्त लावून घेतली. पहिल्या फेरीत दिसताक्षणी येणारे, दुसरीत कष्टाने येणारे, तिसरीत संशयाचे. एखाद्या प्रश्नाशी पाच मिनिटे झटापट झाली की त्याला नमस्कार करून पुढे जायचे. हे सांगायला सोपे आहे. अडलेल्या प्रश्नावरून उठून जाण्यात माणसाला पराभव वाटतो. तिलाही वाटे. चौथ्या प्रश्नपत्रिकेपर्यंत ती एकेका उदाहरणात दहा-दहा मिनिटे बुडत होती. परीक्षेत स्वतःचा गणकयंत्र चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. तेव्हा त्याचाही सराव केला, नाहीतर ऐनवेळी बोटे अडतात.

संक्रांतीच्या आसपास तिचे वडील अत्यवस्थ झाले. चार दिवस, तीन रात्री घर रुग्णालयात. पाचव्या दिवशी ती परतली तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. “काका, संपले सगळे. चार दिवस गेले.”

मी अंदाजपत्रकाचा कागद काढला. अडचणींसाठी ठेवलेल्या सोळा तासांतले बारा संपले होते. चार शिल्लक होते. तो आकडा पाहून ती जी स्तब्ध झाली, ते मी विसरणार नाही. तिचा एक तासही बुडाला नव्हता. जे गेले ते आधीच वजा केलेले होते. त्या रात्री ती कित्येक दिवसांनी पुरी सात तास झोपली, आणि तेही मी अभ्यासातच धरले. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, हे आता विज्ञानाने पुरेसे दाखवले आहे. परीक्षेआधीच्या रात्री जागणारा विद्यार्थी स्वतःच्या पेरणीवर स्वतःच नांगर फिरवतो.

शेवटच्या आठवड्यात नवे काही वाचायचे नाही, असा करार होता. एका संध्याकाळी ती घाटावर पायऱ्यांवर येऊन बसली. आजींच्या सासूबाईंनी म्हणे खाँसाहेबांची सनई देवळातून ऐकली होती, आणि त्या सांगत की तोच तुकडा ते इतक्या वेळा वाजवीत की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. मी ते तिला सांगितले. ती हसून म्हणाली, “त्यांच्यापाशी वर्षे होती, काका. माझ्याकडे बेचाळीस दिवस.” खरे होते. मी तिला खोटा धीर दिला नाही. विद्येला वर्षेच लागतात. बेचाळीस दिवसांत विद्या मिळत नाही. जी थोडीफार मिळालेली आहे ती परीक्षकापुढे नीट मांडता येते, इतकेच. या दोन गोष्टींची गल्लत करू नये. जो थोड्या दिवसांत विद्वान करून देतो म्हणतो त्याच्यापासून दूर राहावे. आणि थोडे दिवस राहिले म्हणून जो हातपाय गाळतो त्यानेही हे लक्षात घ्यावे, की दाराशी बसलेला पंडित सर्वज्ञ माणूस मागत नाही. आत येऊन शिकण्याजोगा माणूस त्याला हवा असतो.

परीक्षा झाली, मार्चमध्ये निकाल लागला. शंभरांत बावन्न. काशीतच, जेथे १९१९ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालत आले आहे त्या संस्थेत, तिला हवी असलेली शाखा मिळण्याइतके ते गुण नव्हते, आणि तिला वाईट वाटले. पण जागावाटपाच्या फेऱ्यांत तिला नागपूरला प्रवेश मिळाला, विद्यावेतनासह. आजींना वाटले, बरे झाले. पूर्वज तिकडून आले, पोरगी तिकडे चालली.

नालंदेच्या दारातून परतलेल्या सात-आठ जणांचे पुढे काय झाले, हे ह्युएनत्संग सांगत नाही. त्यांतला कोणी गावी जाऊन मुलांना शिकवू लागला असेल, कोणी पुढल्या वर्षी पुन्हा आला असेल. दरवाजा बंद होणे हा त्यांच्या बुद्धीचा अखेरचा निकाल नव्हता, आणि उघडणे हाही कोणाचा नसतो. हे मी तिला परीक्षेआधीच सांगून ठेवले होते. निकालानंतर अशा गोष्टी सांगितल्या तर त्या सांत्वनासारख्या ऐकू येतात.

माझीही पुढे बदली झाली. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला. बोलण्याच्या ओघात मी विचारले, “सध्या काय वाचतेस?”

ती म्हणाली, “पोलादी सांगाडे. तो कपाटावरचा ‘सोडलेले’ कागद आठवतो ना, काका? निघताना मी तो सोलून बरोबर आणला. आता इथे वेळ आहे, तेव्हा एकेक नाव खोडते आहे.”

मी तिला दिलेल्या साऱ्या उपदेशात हे एक सांगायचे राहून गेले होते, ते तिचे तिनेच शोधले. वेळ थोडा असताना जे सोडावे लागते ते टाकून द्यायचे नसते. ते आपल्या नावावरचे कर्ज असते. सवड मिळताच एकेक करून फेडायचे असते.